ब्राउझर बंद करा, पुन्हा उघडा

सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममध्ये एक भगदाड सापडले. दोष होता वेबपी प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या कोडमध्ये. मुद्दाम बिघडवलेले चित्र पानावर आले, की मेमरीत नेमून दिलेल्या जागेबाहेर लिहिले जाई आणि हल्लेखोराला आत शिरायची वाट मिळे. तोच कोड फायरफॉक्स आणि एजमध्येही होता. अ‍ॅपल आणि टोरांटोच्या सिटिझन लॅबने ६ तारखेला गूगलला कळवले, ११ तारखेला दुरुस्ती आली. पण तोवर गैरवापर सुरूही झाला होता.

दुरुस्ती जाहीर झाली, की दोष नेमका कुठे होता हे चोरांनाही शोधता येते. पुढचे दिवस म्हणूनच जास्त धोक्याचे, आणि तेव्हाच आपण ‘नंतर बघू’ म्हणतो. क्रोम अपडेट आपोआप उतरवून घेतो, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनीच आवृत्ती चालू राहते. बँक, वीजबिल, सातबारा सगळे त्यातच!

या अंकात आम्ही घाबरवणार नाही. घरातल्या ज्येष्ठांचे फोन आणि विंडोज ७ वर अडकलेले, २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्यांना मुकलेले दुकानांतले संगणक, यांचे काय करायचे ते सांगणार आहोत. तुमच्याकडे अपडेट कशामुळे रखडतात? आम्हाला जरूर लिहा.