ऋणको हा ग्राहक नव्हे काय?

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाची चर्चा व्हावयास हवी होती तितकी आपल्याकडे झाली नाही. क्रेडिट कार्डाची बाकी मुदतीत न भरणाऱ्याकडून वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. हाँगकाँग बँक व ‘आवाज’ ही संस्था यांच्यातील या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने तो सोळा वर्षांनी रद्द ठरविला. व्याजाचा दर ठरविणे हे बँकांचे व रिझर्व्ह बँकेचे काम; उभयपक्षी मान्य झालेल्या कराराच्या अटी नव्याने लिहिण्याचा अधिकार आयोगास नाही, असे न्यायालयाचे म्हणणे.

कायद्याकडे पाहिले तर यात नवल वाटावे असे फारसे नाही. बँकिंग नियमन कायद्यात १९८४ पासून २१-अ हे कलम आहे. व्याज अवाजवी आहे एवढ्या कारणावरून बँक व ऋणको यांच्यातील व्यवहार कोणत्याही न्यायालयाने पुन्हा उघडू नये, असे ते सांगते; राज्यांचे ऋणकोसंरक्षणाचे कायदेही त्यापुढे चालत नाहीत. बिगरबँक वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. परिणाम मोठा विलक्षण आहे. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याखेरीज इतरांस विनातारण कर्ज दिले तर वर्षाला १८ टक्के ही मर्यादा महाराष्ट्र शासनाने २०१४ च्या कायद्यान्वये घालून दिली. त्याच ऋणकोची कार्डावरील बाकी थकली तर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, हा दर सर्रास आढळतो. सावकार ही मर्यादा किती पाळतात हा भाग निराळा. पण ती मोडणे बेकायदा तरी आहे.

ज्या मुलखात १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात सावकारांची कर्जखते जाळली गेली, त्या मुलखाला तरी हे खटकावयास हवे. त्या दंग्यांनंतर चार वर्षांनी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि खतावरील आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल होऊ नये हा दामदुपटीचा दंडक तर त्याहूनही जुना. मुंबई राज्याच्या १९४६ च्या सावकारी कायद्याने तो पुन्हा घालून दिला. परकीय सरकारने न्यायालयाला विचारू दिलेला प्रश्न आपण बँकांपुरता विचारेनासे केला आहे.

खरेदीदाराची स्थिती मात्र पुष्कळ सुधारली, हे मान्य केले पाहिजे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली निघाली तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र न्यायपीठ ही कल्पनाही नवी होती. १९८६ च्या कायद्याने ते दिले आणि २०१९ च्या कायद्याने त्याचे अधिकार वाढविले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला आज शुल्कही पडत नाही. परंतु आजचा खरेदीदार रोखीने किती घेतो? मोबाइल, फ्रिज, दुचाकी ही सारी हप्त्यावर येतात. म्हणजे दुकानात शिरलेला ग्राहक बाहेर पडतो तो ऋणको होऊन, आणि पुष्कळदा हे त्याच्या ध्यानीही येत नाही. कारण पाटीवर ‘शून्य टक्के व्याज’ असे असते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळाली असती ती सूट वित्त कंपनीकडे जाते, एवढाच या शून्याचा अर्थ.

‘फ्लॅट’ दराची युक्ती याहून जुनी. बारा हजारांचे कर्ज, बारा हप्ते, बारा टक्के ‘फ्लॅट’. हप्ता १,१२० रुपये. आमच्या वर्गातील हुशार विद्यार्थीही पहिल्या झटक्यास दर बारा टक्केच सांगतात. पण मुद्दल दरमहा फिटत असता व्याज मात्र अखेरपर्यंत मूळ बारा हजारांवर धरलेले असते. खरा दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो.

या लपवाछपवीवर रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने चांगला इलाज योजिला. ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्त कंपन्यांनी कर्जाचा मुख्य तपशील एका पत्रकात, सर्व आकार धरून येणाऱ्या वार्षिक दरासह, ऋणकोला समजणाऱ्या भाषेत द्यावयाचा आहे. सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जात विचार करण्यास किमान तीन कामाचे दिवस मिळतात; पत्रकात नसलेला आकार स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. वाचकांनी हे पत्रक मराठीतून मागून घ्यावे. परंतु याच परिपत्रकातून क्रेडिट कार्डाची बाकी वगळण्यात आली. दर जेथे सर्वांत चढा, तेथेच ही सूट का, हे समजणे कठीण आहे.

दर बांधून टाकावेत असे माझे म्हणणे नाही. दर बांधले की लहान ऋणकोला मिळणारी पत आटते आणि तो बेकायदा सावकाराच्या दारात जातो, हा अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप खोटा नव्हे. पण बांधलेला दर निराळा आणि अवाजवी दराविरुद्ध दाद मागण्याची सोय निराळी. ऑक्टोबर २०२४ मध्ये चार वित्त कंपन्यांचे दर अतिरेकी असल्याचे सांगून रिझर्व्ह बँकेने त्यांचे नवे कर्जवाटप थांबविले. म्हणजे अवाजवी दर ओळखता येतो. तो ओळखण्याची मागणी करण्याचा हक्क तेवढा ऋणकोपाशी नाही.

व्याजाचा प्रश्न बाजूस ठेवला तरी दंड व जाचक अटी उरतातच. २०१९ च्या कायद्याने ‘अनुचित करारा’ची व्याख्या करताना नुकसानीच्या मानाने भलताच दंड लावणे व मुदतपूर्व फेड नाकारणे यांचा स्पष्ट उल्लेख केला, तेव्हा ऋणको कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता यात शंका नाही. मात्र अशा करारांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांनाच दिला. चाळीस हजारांच्या कर्जावरील दंडासाठी गडचिरोलीच्या शिक्षकाने राज्य आयोगापर्यंत जावे ही अपेक्षा कागदावरच राहणार. जिल्हा आयोगास हा अधिकार देण्यासाठी ३४ व्या कलमात थोडे शब्द घालावे लागतील. रिझर्व्ह बँकेची त्यासाठी परवानगी लागत नाही.