धडधड कशाची?

छातीत धडधडतंय, तळहात ओले झालेत. सांगा, काय झालंय? बॉसने केबिनमध्ये बोलावलंय, की 'त्या' नंबरवरून मेसेज आलाय? बाहेरून बघणाऱ्याला सांगता येईल?

व्हर्च्युअल रिअॅलिटीच्या हेडसेटला हेच कोडं सोडवायचंय. सुरुवात जुनी आहे. २००२मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या चौघांनी याचे प्रयोग मांडले. चौघांत एक फ्रेड ब्रूक्स, म्हणजे 'द मिथिकल मॅन-मंथ'वाले; आयटीवाल्यांनो, तेच! लोकांना हेडसेट घालून एका खोलीत नेलं. दार ओलांडलं की समोर वीस फूट खोल खड्डा आणि उभं राहायला जेमतेम कडा. छातीवर ठोक्यांचे सेन्सर, बोटांना घामाचे आणि तापमानाचे. जमीन सपाट आहे हे माहीत असूनही ठोके वाढले! वर गंमत म्हणजे, पायाखाली खरोखरची दीड इंच उंच लाकडी फळी ठेवली तर आणखी वाढले. बोटांचं तापमान मात्र फार सावकाश बदलतं, त्यामुळे तिथे ते फारसं कामाचं नाही. सगळ्यात भरवशाचे निघाले ठोकेच.

पुढे सेन्सर हेडसेटमध्येच शिरले. २०२१मध्ये एचपीने आणलेल्या एका हेडसेटमध्ये नाडी कपाळावरच मोजली जायची, डोळ्यांच्या बाहुल्यांवरही लक्ष.

पण घोळ असा की ठोके आणि घाम सांगतात फक्त 'किती'. खवळलोय, घाबरलोय की खूश आहोत, हे नाही. म्हणून काही लॅबमध्ये भुवई आणि गालाच्या स्नायूंवरही इलेक्ट्रोड लावतात. तरी माणूस नुसता जिना चढून आला की सगळं गणित फसतं.

माझ्या हिंजवडीतल्या मैत्रिणीचं नेमकं तेच झालं. ऑफिसात हेडसेट घालून प्रेझेंटेशनची प्रॅक्टिस होती. लिफ्ट बंद, बाई चार मजले चढून धापा टाकत पोचल्या. रिपोर्ट आला : 'स्ट्रेस हाय'. आणि तो गेला थेट मॅनेजरकडे, अप्रेझलच्या महिन्यात! युरोपियन युनियनने २ फेब्रुवारी २०२५पासून ऑफिस आणि शाळा-कॉलेजांत शरीराच्या खुणांवरून भावना ओळखणाऱ्या एआयला बंदी घातलीय, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. पण हिंजवडी काही युरोपात नाही.

मैत्रिणीने एचआरला दोन ओळींचा मेल टाकलाय : रिपोर्ट आधी मला दाखवाल का? आणि त्यात लिफ्टचा उल्लेख कराल का?

उत्तर अजून यायचंय. लिफ्ट मात्र दुरुस्त झाली.