हॉलमधला जिताडा

गोल्डफिशचा बोल झाला, एंजलची टाकी झाली, आता काहीतरी डेंजर हवंय? अ‍ॅक्वेरियमच्या नादी लागलेल्यांचा हा ठरलेला रूट आहे. रंगीबेरंगी माशांचा कंटाळा येतो. मग असा मासा हवासा वाटतो, जो काचेपाशी येऊन आपल्याकडे रोखून बघेल आणि टाकलेलं कोळंबं एका फटक्यात गट्टम करेल. जगभरातल्या अशा शौकिनांचा एक लाडका मासा म्हणजे बारामुंडी. नावाने इम्प्रेस होऊ नका. हा आपला जिताडाच आहे, पेण-अलिबागवाल्यांचा!

खाडीतून पिल्लं आणून ती गावच्या तळ्यात वाढवायची, ही रायगडातली जुनी रीत. १९९७ साली चेन्नईच्या 'सीबा' या सरकारी संस्थेने हॅचरीत जिताड्याचं बीज तयार केलं, तेव्हापासून खाडीवरच अवलंबून राहायची गरज उरली नाही. बोटभर पिल्लू दिसतंही एकदम क्यूट. पण तळ्यात नीट खायला मिळालं तर पहिल्या वर्षात अर्धा किलो, दोन वर्षांत दोन-तीन किलो. पूर्ण वाढ म्हणजे दीड मीटरच्या पुढे! सोबतीला दुसरं पिल्लू आणाल, तर आपल्या निम्म्या लांबीचं भावंड तो आरामात गिळतो. म्हणून हॅचरीत पिल्लं सतत साइजप्रमाणे वेगळी करावी लागतात. आणखी एक गंमत. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी मादी होतात. तेव्हा नाव जरा विचार करून ठेवा.

आता हिशोब. सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी म्हणजे सुमारे ६८० लिटर पाणी, म्हणजेच काच आणि स्टँड सोडून ६८० किलो वजन. जिताडा गोड्या पाण्यातही जगतो, पण खाडीचा फील हवा असेल तर पाणी निमखारं करावं लागतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याच्या एक तृतीयांश धरलं तरी आठ किलो मीठ. किचनमधलं नाही, अ‍ॅक्वेरियमवाल्यांकडचं सी-सॉल्ट! दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, म्हणजे आणखी दोन किलो. आणि ही टाकी फक्त सुरुवातीची.

मग डोक्यात येतं, वलवणला वीकएंड होम आहे, तिकडे ठेवू. जागा आहे, हवा थंड आहे, शनिवारी मित्र येतात. पण सोमवार ते शुक्रवार काय? लोणावळ्याच्या पावसात लाइट गेली की फिल्टर बंद, फिल्टर बंद की पाण्यातला ऑक्सिजन उतरतो आणि अमोनिया चढतो. टाकीतल्या माशाला 'वर्क फ्रॉम होम' करणारा मालक लागतो.

खरी भीती पुढची आहे. मासा टाकीत मावेना झाला की समोरचं धरण दिसतं. तिथे जिताड्याची पिल्लं होणार नाहीत, त्याला खारं पाणी लागतं. पण तो स्वतः वर्षानुवर्षं दिसेल ते खात राहील. याच वलवणला १९७० च्या दशकापासून टाटांच्या हॅचरीत महाशीर माशाचं बीज तयार होतंय. ते काम चांगलंच. तरी लोणावळ्याच्या निळ्या परांच्या महाशीरचं बीज कावेरीत सोडलं गेलं आणि तिथला मूळचा कुबडवाला महाशीर मागे पडत गेला. २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला आणि त्याच्या कारणांमध्ये संशोधक हे बीजही धरतात. माशांमधल्या जाणकारांचं असं होतं, तर रविवारी रात्री बादली घेऊन धरणाकडे निघालेल्यांचं काय?

वलवणचं पाणी नळांतून घाट उतरतं, खोपोलीला वीज करतं, पाताळगंगेत मिसळतं आणि धरमतरच्या खाडीला मिळतं. जिताड्याचं घर तिथे आहे, घाटाच्या खाली.

टाकीतला मासा वाढलाच, तर पेणच्या बाजूला जिताडे पाळणारा एखादा तळेवाला गाठा. नाही म्हणायची शक्यता कमी. फक्त तुम्ही त्याला लाडाने नाव ठेवलं असेल, तर त्याच्याकडे जेवायला थांबू नका.