परसातील कोंबडी आणि खुराड्याचे दार

मुंगसाने कोंबडी नेली की घरात प्रथम काठी शोधली जाते, मग फासा मांडला जातो आणि क्वचित विषाचा गोळाही ठेवला जातो. खुराड्याचे दार कसे होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः चौकशीचा प्रारंभ तेथूनच व्हावयास हवा. परसातील कोंबड्यांच्या नाशास भक्षकाच्या भुकेपेक्षा माणसाचा अर्धवट बंदोबस्तच अधिक कारणीभूत होतो.

हा विषय क्षुल्लक नव्हे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत भारतात सुमारे ८५ कोटी पाळीव कुक्कुटादी पक्षी नोंदले गेले. त्यांपैकी ३१ कोटी ७० लक्षांच्या आसपास परसात वाढणारे होते आणि आधीच्या गणनेहून ही संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी अधिक होती. झाबुआतील भिल्लाच्या पाड्यावर काय किंवा आसामातील खेड्यात काय, या पक्ष्यांची निगा बहुधा घरातील स्त्रीच राखते आणि अंड्यांचे चार पैसे तिच्याच हाती येतात. गणना होते ती त्या दिवशी जिवंत असलेल्या पक्ष्यांची. आदल्या आठवड्यात घारीने उचललेले पिल्लू कोणत्याही नोंदवहीत येत नाही. ते केवळ त्या स्त्रीच्या हिशेबातून वजा होते.

भक्षकांची वेळ ठरलेली असते. घार, शिक्रा आणि कावळा दिवसा येतात. मुंगूसही दिवसाच हिंडते. रानमांजर बहुधा तिन्हीसांजेला किंवा पहाटे फिरते, तर जवादी मांजर आणि उदमांजर रात्री. घूस आणि साप यांना फटीतून वाट सापडते. मोकाट कुत्र्याला मात्र काळवेळ नाही. गावच्या ओळखीचा म्हणून त्याला भक्षकांत कोणी मोजत नाही, ही गोष्ट निराळी.

एकाच रात्री खुराड्यातील सर्व कोंबड्या मारून टाकलेल्या आणि त्यांतील एखादीच खाल्लेली, असे दृश्य दिसले की त्या जनावराला लोक रक्तपिपासू ठरवतात. या वर्तनाचा अभ्यास हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने केला आणि १९७२ साली तो प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर रेव्हनग्लास येथे काळ्या डोक्याच्या कुरवांची मोठी वसाहत होती. एरव्ही कोल्हा येताच कुरव उडून जात. परंतु अतिशय काळोख्या रात्री ते जागचे हलत नसत आणि मग कोल्हे त्यांना एकामागून एक मारीत, बहुतेकांना न खाताच टाकून देत. क्रूकचा निष्कर्ष असा की, पोट भरल्यावर मांसाहारी प्राण्याचे भक्ष्य शोधणे थांबते. पण न पळणारे भक्ष्य समोरच असेल तर मारण्याची प्रेरणा तेवढ्याने शमत नाही. निसर्गात असा प्रसंग विरळा.

खुराड्यात तो दर रात्री सिद्ध असतो. कोंबडी हा दिवसाचा पक्षी आहे. तिच्या दृष्टिपटलात अंधुक प्रकाशात उपयोगी पडणाऱ्या दंडपेशी थोड्या असल्याने अंधारात ती जवळजवळ आंधळी व निश्चल होते. तिचा पूर्वज लाल रानकोंबडा झाडाच्या फांदीवर झोपतो. तेथून निदान खाली झेप घेता येते. माणसाने कोंबडीला पेटीत कोंडले आणि तिची ती वाटही बंद केली. म्हणून फटीचे खुराडे हे खुराडे नसण्याहून वाईट, असे म्हणावे लागते.

बाजारात मिळणारी पातळ षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते. कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही. अर्ध्या इंचाच्या घरांची, जोडकामाची जाळी महाग पडते हे खरे. तेव्हा ती सर्व अंगणास न लावता रात्रीच्या खुराड्यास आणि त्याच्या वायुछिद्रांस तरी लावावी. जमिनीलगत तीच जाळी बाहेरच्या बाजूस फूट-दीड फूट आडवी पसरून मातीने झाकली असता भिंतीशी उकरू लागलेले जनावर जाळीवरच अडते. ईशान्येकडे बांबूची खुराडी खांबांवर उंच बांधतात, ही योजना अनुकरणीय आहे. खांबांना गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळला म्हणजे घुशी-उंदरांसही चढता येत नाही. महाराष्ट्रातील डालगे दिवसा पिल्लांवर घालावयास उत्तम. परंतु रात्री त्यावर दगड ठेवून निश्चिंत झोपणे धाडसाचे होय.

दिवसाच्या रक्षणासाठी मात्र जाळीपेक्षा स्वस्त साधन घरातच असते, ते म्हणजे कोंबडा. अंडी देत नाही म्हणून प्रथम त्याच्यावरच सुरी चालते. ख्रिस्तोफर एव्हान्स, पीटर मार्लर आदी संशोधकांनी १९९३ साली दाखवून दिले की, कोंबडा आकाशातील शत्रूसाठी एक आणि जमिनीवरील शत्रूसाठी दुसरा असे भिन्न इशारे देतो. शत्रू दृष्टीस न पडताही, केवळ आवाज ऐकून, कोंबड्या पहिल्या इशाऱ्यास आडोशाकडे धावतात आणि दुसऱ्यास मान ताठ करून सभोवार पाहतात. अर्थात धावून जाण्यास आडोसा हवा. लख्ख झाडलेले मोकळे अंगण पाहुण्यांस आवडते आणि घारीसही. तुरीच्या काठ्यांचा ठेंगणा मांडव, भोपळ्याचा वेल किंवा एखादे झुडूप एवढेही पुरेसे होते.

राहिला प्रश्न मारण्याचा. मुंगूस, रानमांजर, घार यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय दिले आहे. कायदा बाजूस ठेवला तरी हा व्यवहार तोट्याचाच आहे. विषाचा गोळा घरचे कुत्रेही खाते. मारलेल्या मुंगसाची जागा शेजारच्या बांधावरील दुसरे घेते आणि मध्यंतरी उंदीर माजतात. मुंगूस सर्वत्र उपकारकच, असा मात्र याचा अर्थ नव्हे. १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगसे उसातील उंदरांच्या नाशासाठी जमैकात नेली गेली; त्यांच्या वंशजांनी पुढे तेथील पाळीव कोंबड्यांचाही फडशा पाडला. ते तेथे परके होते. येथे ते कोंबडीइतकेच मूळचे आहे, आणि खुराड्यात शिरावयास त्याला दोन इंचांची फट पुरते.

तेव्हा प्रथम ती फट बुजवावी. दाराला दोरीऐवजी कडी असावी आणि ती तिन्हीसांजेस, पक्षी मोजून, लावली जावी.