सुरत धुऊन निघाली, गोळ्यांचं काय?

पावसाळा सरला की नंदुरबार, नवापूर, साक्रीकडची कुटुंबं सुरत-बारडोलीच्या वाटेला लागतात. कुणी ऊसतोडीला, कुणी उधना-पांडेसऱ्याच्या कारखान्यांत. सप्टेंबर १९९४ मध्ये हीच वाट उलटी वाहिली होती. तापीचा पूर ओसरला आणि सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आल्याची बातमी फुटली. पन्नासच्या आसपास माणसं दगावली, पण पळाली लाखो. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून गायब झाल्या. बऱ्याच खासगी डॉक्टरांनीही दवाखान्यांना कुलूप ठोकलं. खरं तर हा रोग वेळेत औषध मिळालं तर बरा होतो. माणूस औषधापासून लांब पळत होता, हीच गोची.

पुढच्या वर्षी मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. साहेब लोकांना रोज रस्त्यावर उतरवलं, कचरा उचलला, अतिक्रमणं पाडताना कुणाचं तोंड पाहिलं नाही. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या जोडीने पहिली आली. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण झाडूने जाणारे रोग वेगळे आणि गोळीने जाणारे वेगळे. टीबीचंच घ्या. साध्या टीबीचे उपचार सहा महिन्यांचे, आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच! दिवाळीच्या तोंडावर ज्याच्या गोळ्या सुरू झाल्या, तो पुढचे महिने परराज्यात, फडावर. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते, गोळ्या सुटतात. मग जंतू औषधाला दाद देत नाहीत आणि तोच टीबी घरच्या पोराबाळांना लागतो.

'निक्षय' प्रणालीत रुग्णाची नोंद देशात कुठेही वळवता येते. पोषणासाठी मिळणारे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. सोय आहे. मात्र ती चालायची तर रुग्ण जाण्याआधी आरोग्य केंद्राला कळायला हवं. मुकादमाचा ट्रक रातोरात निघतो, त्याला कोण थांबवणार?

कुठल्या गावातून किती कोयते निघाले, हे मुकादमाच्या वहीत पक्कं असतं, कारण उचल दिलेली असते. आरोग्य खात्याने हंगामाआधी ती वही मागावी, गावातल्या टीबी रुग्णांच्या यादीशी ताडावी आणि बारडोलीकडच्या केंद्राला नावं कळवावीत. दोन सरकारांची बैठक लागणार नाही. दोन तालुक्यांतला एक फोन पुरेल, तोही ट्रक निघायच्या आत.