बिऱ्हाड आणि इंटरनेटचा करार

मुंबईत जागा परवडत नाही म्हणून ठाणे, ठाण्यात जमत नाही म्हणून डोंबिवली आणि तिथेही भागत नाही म्हणून बदलापूर, असा ज्या कुटुंबांचा प्रवास मध्य रेल्वेच्या रुळांच्या कडेने वर्षानुवर्षे चालला आहे, त्यांतील पुष्कळांचे बिऱ्हाड इथे पोहोचल्यावरही स्थिरावत नाही. 2011 च्या जनगणनेतच पावणेदोन लाखांच्या जवळ गेलेल्या कुळगाव-बदलापूरच्या हद्दीत, आणि विशेषतः उल्हास नदीकडच्या जुन्या बदलापूर गावाभोवती उठलेल्या इमारतींत, अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की सामान टेम्पोत चढते आणि दोन गल्ल्या ओलांडून उतरते. ही अकरा महिन्यांची मुदत दस्तनोंदणी टाळण्याच्या इराद्याने रूढ झाली, आणि 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या 55 व्या कलमाने नोंदणी सक्तीची केल्यावरही ती जशीच्या तशी राहिली.

अशा बिऱ्हाडकरूने घरी ब्रॉडबँड घ्यावयाचे ठरवले की त्याच्यापुढे बारा महिन्यांचा पॅक ठेवला जातो. महिन्याकाठी पैसे भरणे महाग पडते, वर्षाचे एकदम भरले तर जोडणी फुकट आणि वर एखादा महिना जादा मिळतो. म्हणून जपून खर्च करणारा गृहस्थ साहजिकच वर्षाचा पर्याय पत्करतो. म्हणजे राहत्या घराची पूर्ण मुदत भोगून जो सरळपणे बाहेर पडतो, त्याचेही निदान महिन्याभराचे पैसे बुडण्याची तजवीज पहिल्याच दिवशी झालेली असते. समजा, त्याने सहा हजार रुपये आगाऊ भरले आणि मालकाला जागा हवी झाल्याने सातव्या महिन्याअखेर घर सोडावे लागले, तर अडीच हजारांचा हिशेब कोणी करीत नाही. कारण पावतीच्या तळाशी, डोळे ताणून वाचावे लागेल अशा अक्षरांत, भरलेली रक्कम कोणत्याही सबबीवर परत मिळणार नाही, असे छापलेले असते. ज्या घरासाठी ही जोडणी घेतली ते घर बहुधा एका महिन्याच्या नोटिशीने सुटते आणि मोडतोड वजा जाता अनामतही हाती येते, पण त्या घरातली तार मात्र सुटत नाही, ही विसंगती मला असह्य वाटते.

माझ्या परिचयाचे एक कुटुंब गावातून स्टेशनच्या पूर्वेला राहावयास गेले. जोडणी नव्या पत्त्यावर न्यावी, शिफ्टिंगचा आकार आम्ही भरतो, असे त्यांनी कळवले, तेव्हा उत्तर आले, “तिकडे आमची लाइन नाही, तो एरिया दुसऱ्याचा आहे.” राऊटर अडॅप्टरसह परत घेण्यात आला, अनामतीतून पिन वाकल्याबद्दल काही रक्कम कापली गेली, आणि गच्चीवरून खिडकीच्या ग्रिलमधून आत आलेली काळी तार तिथेच राहिली. पुढे त्या घरात आलेल्या भाडेकरूला त्याच तारेवर जोडणी देण्यात आली आणि जोडणीचा आकार नव्याने घेण्यात आला. खांबापासून घरापर्यंत तार ओढणे, ती सांधणे, माणूस पाठवणे यांस खर्च येतो आणि तो लहान व्यावसायिकाने वसूल करू नये असे कोणी म्हणणार नाही. पण जो खर्च एकदा झाला तो दोघांकडून घेणे आणि न दिलेल्या सेवेचे महिनेही ठेवून घेणे, याला वसुली म्हणता येत नाही.

हा विचार आपल्या कायद्याला अपरिचित नाही. 1872 च्या करार कायद्याचे 74 वे कलम सांगते की करारात दंडाचा आकडा कितीही मोठा लिहिलेला असो, त्याच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळावी. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या 1963 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, व्यवहार मोडला म्हणून विक्रेत्याने अडवून धरलेल्या 25 हजारांपैकी केवळ एक हजाराचा विसार त्याच्याकडे राहू दिला आणि बाकीची आगाऊ रक्कम जप्त करण्यास नकार दिला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर नुकसानीशी सर्वस्वी विसंगत असा दंड लादणारा करार अनुचित ठरवला आहे. दूरध्वनीच्या तंट्यांना ग्राहक मंचाचे दार बंद आहे असा जो समज 2009 च्या एका निकालाने दृढ झाला होता, तोही सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये दूर केला.

तरीही दाद मागणे सोपे झाले नाही. सेवेतील उणिवेची तक्रार ठाण्याच्या जिल्हा आयोगापुढे करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पडत नाही. परंतु करारच अनुचित आहे असे म्हणावयाचे झाल्यास तोच कायदा जिल्हा आयोगाला अधिकार देत नाही आणि तक्रारदाराला मुंबईच्या राज्य आयोगाकडे पाठवतो. अडीच हजारांसाठी तिथे कोण जाणार?

जर्मनीने हा प्रश्न तंट्यावर सोडलेला नाही. तिथल्या दूरसंचार कायद्याच्या 60 व्या कलमाप्रमाणे, जे डिसेंबर 2021 पासून अमलात आहे, ग्राहक घर बदलतो तेव्हा कंपनीने नव्या पत्त्यावर तीच सेवा त्याच अटींवर द्यावी, आणि देता येत नसेल तर एका महिन्याच्या सूचनेने त्याला करारातून मुक्त करावे. आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2006 मध्येच ब्रॉडबँडची अनामत 60 दिवसांत परत करण्याचे बंधन घातले होते; अनामतीबाबत जे करता आले, ते उरलेल्या महिन्यांच्या रकमेबाबतही करता येईल. नव्या पत्त्यावर लाइन नसल्यास जोडणीचा खरा, पावतीनिशी दाखवलेला खर्च वजा करून बाकी रक्कम परत द्यावी, एवढा एकच नियम पुरेसा आहे, आणि तो केबलचा व्यवसाय करणाऱ्या लहान चालकालाही तितकाच लागू असावा. त्याच्या जोडीला संसदेने लहान रकमांच्या करारांपुरता अनुचितपणा ठरवण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला द्यावा, म्हणजे बदलापूरच्या माणसाला ठाण्याच्या पलीकडे जावे लागणार नाही.