संत्र्याचा खुंट आणि चुनखडीची जमीन

संत्र्याची कलमे घेताना आपले शेतकरी बंधू डोळा कोणत्या झाडाचा, कलम किती उंच व दर काय, हे बारकाईने विचारतात. खुंट कोणता, हे क्वचितच विचारले जाते. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या भागांत काळ्या मातीखाली ठिकठिकाणी चुनखडी असते. तेथे ही उपेक्षा फार महाग पडते.

चुनखडीमुळे जमिनीचा सामू आठाच्या वर जातो आणि मातीत लोह भरपूर असूनही ते विरघळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सोशिक खुंटाची मुळे आपल्याभोवतीची माती किंचित आम्ल करून लोह मिळवितात; नाजूक खुंटास ते साधत नाही. आपली जुनी जंभेरी जोमदार असून चुनाही काही अंशी सोसते. परंतु भारी जमिनीत पाणी मुरून राहिले की मूळकूज व डिंक्या यांना ती लवकर बळी पडते. रंगपूर लिंबाचा खुंट चुना, क्षार व पाण्याचा ताण अधिक सोसतो. चुनखडीच्या जमिनीसाठी त्याचाच आग्रह धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाने पिवळी दिसताच दरसाल हिराकस टाकण्याची रीत पडली आहे. अशा मातीत ते लवकरच निरुपयोगी होते. फवारल्यास पाने हिरवी होतात खरी, पण पुढची पालवी पुन्हा पिवळी येते. बाग फळावर येण्यास चार-पाच वर्षे लागतात. खुंटाची चूक तोवर पदरात पडलेली असते.

तथापि खुंटावर सारी भिस्त ठेवू नये. सामू साडेआठाच्या पुढे असून पावसाचे पाणी साचत असेल, तर ती जमीन चोपण असण्याचा संभव आहे. तेथे दोष सोडियमचा. जिप्सम व निचरा हाच उपाय. नुसत्या चुनखडीवर मात्र जिप्सम टाकणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय!

ग्रामकार्यकर्त्यांनी लागवडीपूर्वी तीन फुटांपर्यंत प्रत्येक फुटाचा वेगळा नमुना तपासणीस पाठवावा. मुक्त चुना दहा टक्क्यांहून अधिक निघाल्यास संत्र्याचा बेत सोडलेला बरा. लागवड ठरल्यास रोपवाटिकेच्या पावतीवर खुंटाचे नाव लिहून घ्यावे. कलम हाती आल्यावर नुसत्या सालीवरून खुंट ओळखणे कठीण असते.